वावर वरूडला, घर विंडसरला, नोकरी डेट्रॉइटला : तीन देशांचा टॅक्स भरताना

फेब्रुवारीत गावी आलं की आमच्याकडे दोन बहार एकदम दिसतात. एका तुकड्यात मृगाची संत्री तोडून कॅरेट भरणं चालू असतं, आणि दुसऱ्या तुकड्यात आंबियाची फुलं लागून सगळ्या वावरात वास सुटलेला असतो. याच दिवसांत माझ्या फोनवर डेट्रॉइटच्या कंपनीचा डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा कागद) आलेला असतो. यंदा तो उघडून ओसरीत बसलो होतो तेव्हा मावसभावाचा मुलगा आला. त्याचं कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) झालंय, जुलैत बायकोला घेऊन विंडसरला जातोय आणि नोकरी नदीपलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटला आहे. म्हणाला, "काका, टॅक्स कुठं भरू? इकडं, तिकडं का पलीकडं?"

तिन्हीकडे. पण एकाच पैशावर तीनदा नाही. त्याला दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण वरूड-मोर्शी भागातली अशी आणखी पोरं मला माहीत आहेत आणि मला पहिल्या वर्षी हे सांगणारं कोणी नव्हतं.

आधी माझी स्थिती सांगतो, म्हणजे तुमच्याशी कुठे जुळते ते कळेल. मी काही वर्षं मिशिगनमध्येच (डेट्रॉइट याच राज्यात आहे) राहत होतो. २ जानेवारी २०२४ ला पीआरवर विंडसरला राहायला आलो. नोकरी तीच, एच-१बी (अमेरिकेत काम करायचा व्हिसा) तोच. (कॅनडाचं पीआर हाती आलं म्हणून अमेरिकेत काम करता येत नाही, अमेरिकेचा परवाना वेगळा लागतो.) रोज बोगद्यातून किंवा अँबॅसडर पुलावरून जातो आणि संध्याकाळी परत येतो. वरूड तालुक्यात माझ्या नावावर तीन एकर संत्र्याची बाग आहे, ती चुलतभावाला मक्त्याने दिली आहे. बँकेत एक एफडी आहे.

जानेवारीत हललो हे माझ्या फायद्याचं ठरलं. अमेरिका आणि कॅनडा दोघांचंही करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. वर्षाच्या मध्ये हललात तर एकाच वर्षाचे दोन तुकडे पडतात आणि अमेरिकेचं रिटर्न फार किचकट होतं. तारीख हातात असेल तर वर्षारंभ धरा.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू. माझे बाबा मजुरांच्या हजेरीची लांबट, लाल कापडी पाठीची वही ठेवतात. डावीकडे नावं, वर तारखा, पूर्ण रोजाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी. तशीच एक वही मी वरूडच्या दुकानातून विकत घेऊन विंडसरला नेली. रोज रात्री एक अक्षर लिहितो : डेट्रॉइटला जाऊन त्याच दिवशी परत आलो तर 'डे', घरून काम केलं तर 'घ', सुट्टी असेल तर 'सु', आणि कामाशिवाय अमेरिकेत गेलो किंवा रात्री तिथे राहिलो तर 'अ'. माझं अमेरिकेचं अख्खं रिटर्न या चार अक्षरांवर उभं आहे.

कारण असं. अमेरिकेत तुम्ही करासाठी रहिवासी की अनिवासी हे दिवस मोजून ठरतं. पण जो कॅनडातल्या घरून नियमित ये-जा करतो, त्याचे ये-जा केलेले दिवस त्या मोजणीत धरत नाहीत. नियमित म्हणजे कामाच्या दिवसांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त दिवस जायला हवं. आठवड्यात एक दिवस घरून काम केलं तर ८० टक्के होतात, चालतं. दोन दिवस घरून केलं तर ६० टक्के होतात आणि ही सवलत हातची जाते. मग उरतात 'अ'चे दिवस, ते मी वर्षाला ३१ च्या आत ठेवतो. शनिवारी सामान आणायला पलीकडे गेलात तर तोही दिवस मोजला जातो, हे विसरू नका.

असं असलं की तुम्ही अनिवासी, आणि तुमचा फॉर्म १०४०-एनआर. माझ्या पहिल्या वर्षी एका करसल्लागाराने रहिवाशांचा नेहमीचा १०४० भरून टाकला, मी मिशिगनमध्येच राहतो असं धरून. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी सरसकट सूट) मिळालं, रिफंड मोठा आला, मी खूश झालो. चूक कळली तेव्हा दुरुस्तीचं रिटर्न भरून पैसे परत करावे लागले, आणि तिकडचा आकडा बदलल्यामुळे कॅनडाचं रिटर्नही पुन्हा करावं लागलं. अनिवासी भारतीय नोकरदाराला स्टँडर्ड डिडक्शन नाही, आणि लग्न झालेलं असेल तर जोडप्याचं एकत्र रिटर्नही नाही. म्हणून सल्लागाराकडे गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा : "मी विंडसरहून रोज येतो, माझा फॉर्म कोणता?" त्याने तुमच्या दिवसांची चौकशी न करताच उत्तर दिलं तर दुसरा सल्लागार बघा.

घरून काम केलेल्या दिवसांचा पगार अमेरिकेचं उत्पन्न धरला जात नाही. समजा पगार ९०,००० डॉलर आणि कामाचे दिवस २४०. त्यातले ४८ घरून. मग अमेरिकेच्या वाट्याला १९२ दिवसांचे ७२,००० डॉलर येतात. कंपनीने कर मात्र पूर्ण पगारावर कापलेला असतो, म्हणून जास्तीचा परत मागायचा. मिशिगन राज्याचा कर सरसकट ४.२५ टक्के आहे. त्यावर डेट्रॉइट शहराचा वेगळा आयकर आहे, बाहेर राहणाऱ्याला १.२ टक्के. शहराचं रिटर्नही राज्याच्याच खात्याकडे जातं. तिन्हींची मुदत १५ एप्रिल.

क्रम पाळा. आधी अमेरिकेची तिन्ही रिटर्न, मग कॅनडा, मग भारत. कॅनडात अमेरिकेच्या कराची वजावट मिळते, म्हणजे तिथे भरलेला कर कॅनडाच्या करातून वजा होतो, पण ती पगारातून कापलेल्या कराची नसते. रिटर्न भरल्यावर जो कर शेवटी ठरला, तेवढ्याचीच असते. तो आकडा आल्याशिवाय कॅनडाचं रिटर्न सुरूच करता येत नाही.

कॅनडाची मुदत ३० एप्रिल. पहिल्या वर्षी रिटर्नवर देशात आल्याची तारीख लिहायची असते. त्या तारखेपासून जगभरातलं सगळं उत्पन्न दाखवायचं, फक्त कॅनडातलं नाही. वरच्या उदाहरणातले ९०,००० पूर्ण दाखवायचे, घरून केलेलेही, आणि कॅनडाच्या डॉलरमध्ये. बँक ऑफ कॅनडाचा २०२४ चा सरासरी दर १.३६९८ होता, म्हणजे १,२३,२८२ कॅनेडियन डॉलर. मग टी२२०९ फॉर्मवर केंद्राची आणि टी२०३६ वर ओंटारिओची परदेशी करवजावट मागायची. त्यात अमेरिकेचा केंद्रीय, राज्याचा आणि शहराचा कर येतोच, पण पगारातून कापलेला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (अमेरिकेतलं म्हातारपणचं पेन्शन आणि आरोग्यविमा) ७.६५ टक्केही येतो. हा शेवटचा भाग बरेच जण सोडून देतात. सोडू नका, रक्कम मोठी असते. ४०१(के) मध्ये (कंपनीमार्फतची निवृत्तीची बचत) पैसे टाकत असाल तर ये-जा करणाऱ्यांसाठी आरसी२६८ नावाचा फॉर्म आहे, त्या पैशांची उत्पन्नातून वजावट मिळते.

एवढं करूनही कॅनडाला वर पैसे द्यावे लागले. ओंटारिओत कर जास्त आहे, आणि घरून केलेल्या दिवसांच्या पगारावर अमेरिकेच्या कराची वजावट नाही. अमेरिकेतली कंपनी कॅनडासाठी काहीच कापत नाही, म्हणून एप्रिलमध्ये पाच हजार डॉलरहून जास्त एकदम भरायचे निघाले. आम्ही ते बाजूला ठेवलेच नव्हते. बायकोने बहिणीच्या लग्नाला जायचं तिकीट त्या वर्षी रद्द केलं. मला ते आजही लागतं. पहिल्या पगारापासून वेगळं खातं काढा आणि त्यात दर महिन्याला टाका. पुढे थकबाकी ३,००० डॉलरच्या वर जात राहिली की १५ मार्च, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ डिसेंबर असे हप्तेच भरायला सांगतात.

बायकोचं उत्पन्न शून्य असलं तरी तिचं रिटर्न भरा. कॅनडा सरकारकडून मिळणारा मुलांचा भत्ता दोघांची रिटर्न बघून ठरतो.

काही महिन्यांनी सीआरएचं (कॅनडाच्या करखात्याचं) पत्र येऊ शकतं : अमेरिकेत कर भरल्याचा पुरावा द्या. नुसता डब्ल्यू-२ पुरत नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) संकेतस्थळावरून अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तुमच्या करखात्याचा उतारा काढा, राज्य आणि शहराच्या रिटर्नच्या प्रती जोडा. मी आता हे मे-जूनमध्येच काढून ठेवतो.

आता वावराकडे येतो, कारण आपल्या भागातल्या माणसाची खरी चूक इथे होते.

भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मक्त्यावरही नाही. म्हणून आपण ते उत्पन्न धरतच नाही. पण कॅनडाच्या कायद्यात ही सूट नाही. तुम्ही तिथले रहिवासी झालात की वरूडच्या बागेचा मक्ता हे भाड्याचं उत्पन्न, टी७७६ फॉर्मवर दाखवायचं. मला एकरी ४०,००० प्रमाणे वर्षाचे १,२०,००० येतात, अर्धे पाडव्याला आणि अर्धे दिवाळीला. साधारण दोन हजार डॉलर होतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वावर आपलं, पाणी इथलं, घाम इथला. मंग कॅनडाचा हात तिथं कायले पोचते?" मी म्हटलं, बाबा, आता माझी पोरं तिथल्या शाळेत जातात, दवाखान्यात पैसे लागत नाहीत, तो खर्च यातूनच होतो. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण तेव्हापासून मक्त्याची पावती ते स्वतः चुलतभावाकडून सही करून घेतात आणि पेटीत ठेवतात. पैसे रोख घेऊ नका, खात्यात घ्या. एनआरई खात्याचं (अनिवासींचं परदेशी कमाईचं खातं) आणि पीपीएफचं व्याजही असंच : इथे करमुक्त, तिथे दाखवायचं. बँक खात्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना देतात, त्यामुळे कोणाला कळणार नाही या भरवशावर राहू नका.

दुसरं त्याहून मोठं. कॅनडात पाऊल ठेवलं त्या दिवशी तुमची जमीन त्या दिवसाच्या बाजारभावाने घेतली असं तिथला कायदा धरतो. पुढे विकली तर त्या किमतीच्या वरच्या नफ्यावरच तिथे कर लागतो. आपली जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेर असेल तर भारतात विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण कॅनडात आहे. म्हणून त्या दिवसाची किंमत कागदावर हवी. जायच्या आधी सातबारा, आठ-अ आणि फेरफार तलाठ्याकडून घ्या, रेडी रेकनरचा उतारा काढा आणि नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल करून घ्या. त्याला बाग दाखवा. झाडांचं वय, विहीर, ठिबक हे सगळं लिहून घ्या. पडीक वावराची आणि उभ्या बागेची किंमत एक नसते. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलोपार्जित ठेवता येते.

हीच किंमत आणखी एका ठिकाणी लागते. परदेशातली मालमत्ता एकूण १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी११३५ फॉर्म भरावा लागतो. आलात त्या पहिल्या वर्षी सूट आहे, दुसऱ्यापासून नाही. माझं उदाहरण : बाग ४५ लाखांची, एफडी २० लाखांची. २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ६२ रुपये धरले तर १,०४,८०० च्या वर जातात. थोडक्यात ओलांडलं, पण ओलांडलं. त्यात कर भरायचा नसतो, फक्त माहिती द्यायची असते. उशीर केला तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० पर्यंत.

भारतातलं काम तुलनेने सोपं. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या, कायद्याने ते करावंच लागतं. मग एफडीच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते. २० लाखांवर ७ टक्क्यांनी १,४०,००० व्याज आलं तर ४३,६८० कापले जातात. इथलं एकूण करपात्र उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत असेल तर रिटर्न भरून हे सगळे परत मिळतात. फॉर्म आयटीआर-२, अनिवासीला आयटीआर-१ चालत नाही. मुदत ३१ जुलै. १२ लाखांपर्यंत कर नाही असं जे ऐकता ती सवलत रहिवाशांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आणि जे पैसे भारताने परत दिले त्यांची वजावट कॅनडात मागायची नाही, व्याज मात्र दाखवायचं. व्याज मोठं असेल आणि इथे कर बसत असेल, तर दोन देशांच्या करारात व्याजाचा दर १५ टक्के आहे आणि कॅनडा तेवढ्यापुरतीच वजावट देतो. वरचे पैसे भारताकडूनच मागावे लागतात.

भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे गल्लत होते. पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. मार्चअखेर आलेला मक्ता आणि एप्रिलमध्ये आलेला मक्ता कॅनडात एकाच वर्षात जातात, भारतात दोन. म्हणून पावतीवर पैसे मिळाल्याची तारीख लिहा, नुसतं 'पाडव्याचे' नाही.

शेवटचा टप्पा ई-व्हेरिफिकेशनचा, रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि माझा तो नंबर बाबांच्या फोनमध्ये आहे. विंडसरला जुलैत सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा गावी संध्याकाळचे पाच झालेले असतात. बाबा त्या वेळी गच्चीवर जातात, कारण खाली रेंज नसते. चष्मा लावतात आणि एकेक आकडा सावकाश वाचतात, सहाही झाले की पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचतात. त्या सिमचं रिचार्ज मी दर वर्षी जूनमध्येच करून टाकतो, नाहीतर नंबर बंद पडला की आधारला नवा जोडण्याची खटपट करावी लागते.