रेकॉर्डिंगआधी सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ कशी ठरवावी

नौपाड्यातल्या घरी काकांचं भजन रेकॉर्ड केलं. ऐकवलं तर काका वैतागले, 'अरे, मी काळी एकमध्ये गायलो. हा कोण पांढरी एकच्याही खाली रेकतोय?' घोळ माझाच. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर होता, म्हणजे आवाजाची सेकंदाला 48 हजार मोजमापं घेत होता, आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट 44.1 वर. असं झालं की आवाज सुमारे आठ टक्के संथ होतो आणि पट्टी उतरते.

म्हणून आधी ठरवा, रेकॉर्डिंग जाणार कुठे. व्हिडिओसोबत असेल तर 48, फक्त सीडी काढायची असेल तर 44.1. काहीच ठरलं नसेल तर 48 ठेवून मोकळे व्हा. सॅम्पल रेट टिपायच्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त लागतो, आणि माणसाच्या कानाची धाव 20 किलोहर्ट्झपर्यंतच. 96 घेतलात तर फाइल दुप्पट होईल. भजनात फरक शोधत बसावं लागेल.

बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचं ते, मात्र 24 च घ्या. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर एका बिटमागे साधारण 6 डेसिबल मिळतं. 16 बिटला 96, तर 24 ला कागदावर 144. (माइकच 16 बिटचा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये 24 निवडून नुसती शून्यं वाढतात.) आता घरात पंखा आणि कुकर असताना एवढी शांतता कुणाला मिळते? फायदा वेगळाच आहे: लेव्हल बिनधास्त खाली ठेवता येते. गाणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, 'सगळ्यात वरची तान घ्या.' तेव्हा मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) द्या. रंगात आल्यावर माणूस तालमीपेक्षा जोरात गातोच, आणि मीटरच्या शून्याला, म्हणजे वरच्या टोकाला, धडकून फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही.

जागा आधी बघा: 48/24 ला मोनोचा तास सुमारे 520 एमबी, स्टिरिओचा एक जीबीच्या वर. 16 बिट हवं असेल तर शेवटची फाइल काढताना करा, डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी हलकी खरखर) लावून.

आता तोच आकडा इंटरफेस, कॉम्प्युटर आणि प्रोजेक्ट अशा तिन्ही ठिकाणी आहे ना, ते तपासा. मग दहा सेकंद सा रेकॉर्ड करून लावा आणि शेजारी पेटीवर तोच सा धरा. मी हे आता काकांसमोरच करतो. ते मान डोलावल्याशिवाय लाल बटण दाबू देत नाहीत.