बेघर माणसाचं हरवलेलं आधार कसं शोधावं

थंडी पडली की पदपथांवर ब्लँकेटं वाटणाऱ्यांच्या गाड्या फिरू लागतात. एकेकाजवळ तीन-तीन ब्लँकेटं साठतात आणि अतिक्रमण विभागाची गाडी आली की तिन्ही उचलली जातात. ब्लँकेट खुशाल द्या. पण बारा महिने तेरा काळ त्या माणसाला नडतो तो कागद. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही. खातं नाही म्हणून ठेकेदार रोख देतो आणि देताना कापून घेतो. रेशन नाही, निराधारांचं अनुदान नाही, इस्पितळात योजनेखाली नाव नाही. एका माणसाचा हा एक कागद जागेवर आणायचा, एवढंच काम इथे सांगितलं आहे.

‘शिबिर लावा, सगळ्यांची नवी आधार काढा’ हा सल्ला जिथे-तिथे मिळतो. तो ऐकू नका. का, ते पुढे येतंच.

पहिली भेट

रस्त्यावर झोपतो तो भिकारी, असं धरून चालणाऱ्याने या कामात पडू नये. पदपथावर झोपणाऱ्यांत लग्नाच्या हॉलवर रात्री एकपर्यंत भांडी घासणारे असतात, केटरिंगचे वाढपी असतात, सकाळी मजूर नाक्यावर उभे राहणारे, हमाल, भंगार आणि कचरा वेचणारे असतात. कमाई असते, पण खोलीच्या डिपॉझिटाइतकी रक्कम एकदम हातात कधी येत नाही. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. त्या एका रात्री देशात १७ लाख ७० हजारांवर आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसं नोंदली गेली.

वही-पेन घेऊन जाऊ नका, फोटो तर अजिबात काढू नका. यामागे कारण आहे. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. या कायद्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी सैल आहे की चरितार्थाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरणारा माणूस भीक मागून जगत असावा असं त्याच्या अवस्थेवरून वाटलं, एवढंही पुरतं. वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. ‘नाव काय, गाव कुठलं, लिहून घेतो’ म्हणणारा पाहुणा त्याच्या अनुभवात कोण असतो, ते यावरून कळेल. पहिल्या दोन भेटी नुसत्या चहाच्या ठेवा. ‘अरे-तुरे’ टाळा. ज्याला जग ‘ए’ म्हणून हाक मारतं, त्याला ‘काका’, ‘दादा’, ‘मावशी’ म्हटल्याचा फरक लगेच दिसतो.

निवारा

महापालिकेच्या समाजविकास किंवा नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षात बेघर निवारा केंद्रांची यादी मिळते. केंद्राच्या नियमाप्रमाणे दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय असलेला, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा. प्रत्यक्षात किती आहेत ते यादी हातात आल्यावर दिसेलच.

‘त्यांना निवाऱ्यात जायचंच नसतं’ हे ऐकलं की आधी फाटकाची वेळ विचारा. वाढपी रात्री दोनला परततो आणि फाटक दहाला बंद झालेलं असतं. पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-मुलं चालत नाहीत. हातगाडी किंवा भंगाराचं पोतं बाहेर ठेवलं तर सकाळी जागेवर सापडत नाही. नाका पाच किलोमीटरवर असेल तर सकाळची बस चुकते आणि दिवस बुडतो. यातली एखादी अडचण व्यवस्थापकाशी बोलून सुटली तर माणूस स्वतःहून येतो. आला नाही तरी व्यवस्थापकाशी ओळख ठेवा, त्याची सही पुढे लागते.

जुनं आधार शोधणं

सगळं काम इथे अडतं, आणि घाई करणारे इथेच सहा महिने घालवतात.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर गावोगाव, शाळाशाळांतून, बाजारच्या दिवशी शिबिरं झाली. आज पदपथावर असलेला चाळिशीचा माणूस तेव्हा बहुधा गावात होता. त्यामुळे तो ‘माझ्याकडे आधार नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकदा ‘कार्ड हरवलं’ असा असतो. पाकीट मारलं गेलं, पिशवी गाडीत गेली, पावसात भिजून लगदा झाला. कार्ड गेलं तरी नंबर कुठे जात नाही.

अशा माणसाची नवी नोंदणी केली तर यंत्रणा त्याची बोटं आणि डोळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहते. जुनी नोंद सापडली की नवा अर्ज ‘दुबार’ म्हणून बाद होतो. ते कळायलाच आठवडे जातात. मग कुणीतरी शहाणा नावाचं स्पेलिंग बदलून पुन्हा अर्ज भरायला लावतो. स्पेलिंग बदललं म्हणून बोटं बदलत नाहीत, अर्ज पुन्हा बाद होतो. कुणाचा अर्ज असा बाद झाला असेल तर ती वाईट बातमी समजू नका. जुनं आधार नक्की आहे, याचा तो पुरावा आहे.

जुन्या आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तर संकेतस्थळावर ओटीपीने दहा मिनिटांत नंबर मिळतो. असं भाग्य क्वचितच असतं. नाहीतर दोन वाटा उरतात. एक म्हणजे १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर फोन करणं. सांगितलेली माहिती नोंदीशी जुळली तर तिथून नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढे आधार क्रमांक. दुसरी वाट म्हणजे माणसाला घेऊन आधार केंद्रावर जाणं. तिथे नाव, लिंग, जिल्हा किंवा पिनकोड आणि एक बोट किंवा डोळा एवढ्यावर शोध घेता येतो. जुळलं की छापील आधार तिथेच मिळतं. शुल्क किरकोळ असतं, दर भिंतीवर लावलेला असतो, पावती मागून घ्या. दुसरी वाट जास्त भरवशाची आहे.

पण दोन्ही वाटांवर नाव आणि पिनकोड लागतो तो *तेव्हाचा*. आत्ता तो जिथे झोपतो तिथला पिनकोड घालून शोधलं की ऑपरेटर ‘रेकॉर्ड नाही’ म्हणून वाटेला लावतो. तेव्हा केंद्रावर जायच्या आधी तासभर बसून गप्पांतून हे काढा:

गाव माहीत असतं, पिनकोड नसतो. म्हणून विचारा की पोस्ट कुठलं, बाजाराचा गाव कुठला, रेशन कुठून यायचं. पोस्टाच्या नावावरून पिनकोड लगेच सापडतो. शेजारच्या दोन पोस्टांचेही लिहून ठेवा, कारण बऱ्याच वाड्या-वस्त्यांची नोंद मोठ्या गावाच्या नावावर झाली आहे.

नावाचा घोळ याहून मोठा. ज्याला सगळे पप्पू म्हणतात तो आधारवर प्रल्हाद असतो. शाळेत नाव काय होतं, मतदार यादीत काय होतं, आई काय म्हणायची, सगळं विचारा. बाईमाणसांच्या बाबतीत आधार माहेरी असताना काढलं की सासरी, हा एकच प्रश्न निम्मं काम करतो. त्यावर आडनाव, मधलं नाव आणि जिल्हा तिन्ही ठरतं. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरचं नाव सांगेल आणि नोंद सासरच्या नावावर असेल, हे नेहमीचं. नावाचे तीन-चार पर्याय इंग्रजी स्पेलिंगसकट कागदावर लिहून न्या. ऑपरेटरला तोंडी सांगत बसलात तर दुसऱ्या प्रयत्नानंतर त्याचा धीर सुटतो.

काहींची नोंदणी गावात झालेलीच नसते. ती बालगृहात, तुरुंगात किंवा भिक्षेकरी गृहात झालेली असते, आणि हे माणूस आपणहून सांगत नाही. सरळ विचारू नका. ‘गावाबाहेर कुठे राहिला होता का तेव्हा?’ एवढं पुरतं. अठरा-वीस वर्षांच्या पोरांचं वेगळंच. पाच वर्षांच्या आत आधार काढलं असेल तर बोटं घेतलेलीच नसतात, त्यामुळे बोटावरून ते सापडणार नाही. तिथे आई-बापाचा आधार नंबर किंवा निदान गाव हाच धागा.

आता बोटं. भांडी घासणारे, सिमेंट कालवणारे, विडी वळणारे यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आदल्या रात्री भांड्यांचं काम असेल तर दुसऱ्या दिवशी नेऊच नका. जायच्या आधी कोमट पाण्याने साबण लावून हात धुवायला सांगा, थेंबभर खोबरेल चोळून नीट पुसा. कोरडं फुटलेलं बोट यंत्र घेत नाही, तेलकटही घेत नाही. दहाही बोटं लावून पाहायला सांगा. अंगठ्याने जमलं नाही म्हणून ऑपरेटरने सोडून दिलं तर डोळ्यांचं स्कॅन मागा, तो पर्याय असतोच. डोळ्यांचा त्रास असेल तर तिथेही अडू शकतं. मग आधी सरकारी रुग्णालयात डोळे दाखवणं हाच जवळचा रस्ता.

केंद्रावर जायचा दिवस म्हणजे त्याची बुडालेली मजुरी. ती भरून द्या. ब्लँकेटांचे पैसे इथे घाला. जून-जुलैत शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची झुंबड असते, तेव्हा टाळा. पिणारा असेल तर सकाळी लवकर, चहा-पाव झाल्यावर न्या.

खरंच आधार नसेल तर

सगळं करून नोंद सापडली नाही तरच नवी नोंदणी. ती मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर १९४७ वर तक्रार करा. पत्त्याचा पुरावा म्हणून मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो, मात्र तो आधारच्या ठरावीक नमुन्यातच हवा. साध्या लेटरहेडवरचा परत येतो. फोटो चिकटवलेला, सही आणि शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर, एकही खाडाखोड नाही, आणि दाखला तीन महिन्यांच्या आतला. नगरसेवक किंवा आमदाराचा दाखलाही याच नमुन्यात. मान्य कागदांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून आदल्या दिवशी केंद्रावर ताजी यादी बघून या. प्रौढांच्या नव्या नोंदणीची पडताळणी राज्य सरकारकडून होते आणि १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. पावती जिवापाड जपा.

जन्मतारीख अंदाजाने सांगू नका. ऑपरेटर ‘पन्नास लिहू का?’ विचारतो आणि १ जानेवारी टाकून मोकळा होतो. पुढे श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. आधारवर वय दहा वर्षांनी कमी पडलं तर तितकी वर्षं पेन्शन नाही, आणि जन्मतारीख दुरुस्त करायची संधी एकदाच मिळते. दुष्काळ, भूकंप, मोठ्या मुलाचं वय यांवरून आधीच हिशेब लावून घ्या. ‘१९७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?’ याचं उत्तर बहुतेक म्हाताऱ्या माणसांकडे असतं.

मोबाइल नंबर

आपला नंबर त्याच्या आधारला जोडू नका. कार्यकर्ते सर्रास जोडतात, सोय म्हणून. मग वीस जणांचे ओटीपी एका फोनवर येतात, कार्यकर्ता काम सोडून जातो आणि वीसही माणसं पुन्हा शून्यावर येतात. त्याच्या बँकेच्या व्यवहारांची चावी आपल्या खिशात असणं हेही बरं नव्हे. आधार हाती आलं की त्याच्या नावावर सिम, साधा बटणांचा फोन, आणि मग केंद्रावर नंबर जोडणं. सिम बरेच दिवस वापरात राहिलं नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो, तेव्हा महिन्याला एक फोन तरी त्यावरून करायला सांगा.

बाकीचे कागद

बँक: आधार आल्यावर जनधन खातं. आधार यायला वेळ असेल तर फोटो आणि अधिकाऱ्यासमोरच्या सही-अंगठ्यावर ‘छोटं खातं’ उघडता येतं. शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात, मुदत १२ महिने. शाखेत ‘असं काही नसतं’ म्हणतील. व्यवस्थापकाला भेटा.

रेशन: तहसील किंवा शिधावाटप कार्यालय. गावाकडच्या कार्डावर नाव असेल तर नवं मागू नका, त्याच कार्डावर शहरातही धान्य उचलता येतं.

मतदार ओळखपत्र: हे फार थोड्यांना माहीत आहे. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म ६ वर तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, ‘अमुक पुलाखाली, तमुक दुकानासमोर’. बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, एकाहून जास्त रात्री येऊन तो तिथे झोपतो का ते पाहायचं, एवढाच नियम. बीएलओ दिवसा येऊन ‘आढळला नाही’ लिहून जातो, तिथे अर्ज मरतो. म्हणून अर्ज दिल्यावर त्याला गाठा, रात्रीची वेळ ठरवा आणि सोबत जा.

एखादा माणूस स्वतःशी बोलतो आहे, नाव-गाव सांगू शकत नाही, अंगावर कपडे धड नाहीत, तर त्याच्याशी कागदांचा विषय काढू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात दाखवणं आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ११२ लावा आणि कलमाचा आकडा सांगा. बेघर माणसाला हे उपचार मोफत मिळायला हवेत, कार्ड असो-नसो.

कागद ठेवायचा कुठे

मूळ कार्ड पिशवीत नको, पिशवी सगळ्यात आधी जाते. झिपवाल्या प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घालून ते बनियनच्या आतल्या शिवलेल्या खिशात किंवा परकराच्या नाडीला. लॅमिनेशन करून घ्या, पण पावतीचं नको, यंत्राच्या उष्णतेने काळी पडू शकते. एक झेरॉक्स निवाऱ्यात, एक तो रोज ज्या टपरीवर चहा पितो त्या टपरीवाल्याकडे. आणि बारा आकडे त्याच्याकडून पाठ करून घ्या, चार-चारच्या तीन तुकड्यांत. पुढच्या वेळी भेटलात की आधी तेच विचारा.