जुन्या पिकअपला नवं काळीज लावताना या चुका टाळा

रत्नागिरीत माझं गॅरेज आहे. त्याआधी बारा वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात काढली. तिकडे जुन्या अमेरिकन पिकअपचं भारी वेड. १९७२ ची शेव्हरोले सी-१० आणायची, तिचं दमलेलं इंजिन उतरवायचं आणि अपघातात गेलेल्या कॅमारोचं नाहीतर कॉर्व्हेटचं (दोन्ही शेव्हरोलेच्याच स्पोर्ट्स कार) ६.२ लिटरचं एलएस३ हे आठ सिलिंडरचं इंजिन आत बसवायचं. अशा वीसेक गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि पहिल्या दोन-तीन बिघडवण्यात माझाच हात होता. आता इथली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात. "काका, आजोबांची पिकअप आहे, स्पोर्ट्स कारचं इंजिन घालायचंय. किती दिवस लागतील?" पहिला प्रश्न दिवसांचा आला की मी चहा सांगतो. चहापुरतीच भेट आहे हे मला कळलेलं असतं.

स्वस्त मिळालं म्हणून इंजिन आधी घेणं

आपल्याकडे भंगारात येणारी बहुतेक टर्बो पेट्रोल इंजिनं आडवी बसणारी, पुढची चाकं ओढणारी. पिकअपला उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारं इंजिन आणि मागे शाफ्ट लागतो. आडव्या इंजिनाला उभा गिअरबॉक्स शोधण्यात वर्ष जातं, मग ते इंजिन प्लास्टिकखाली पडून राहतं आणि त्यात उंदीर घर करतात. असे दोन सापळे माझ्या शेजारच्या शेडमध्येच आहेत.

कॉर्व्हेटचं तर आणखीच वेगळं. १९९७ च्या सी-५ पासून २०१९ पर्यंत तिचा गिअरबॉक्स मागच्या अॅक्सलला जोडलेला होता, इंजिनच्या मागे नाही. इंजिन-गिअरबॉक्सचा जोड जसाच्या तसा उचलून पिकअपमध्ये ठेवू म्हणणाऱ्याला ही गोष्ट बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर कळते. म्हणून पिकअपवाले इंजिन कॉर्व्हेटचं घेतात आणि गिअरबॉक्स कॅमारोचा.

आणि घ्याल तर अख्खी गाडी घ्या. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), चावी, मीटर, वायरिंग, अॅक्सिलरेटरचा पॅडल, सगळं एकाच गाडीतलं. हल्लीचा पॅडल केबल ओढत नाही, ईसीयूला सिग्नल देतो. तो दुसऱ्या गाडीचा लावलात तर दोघांची भाषा जुळत नाही. चावी नसली तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप, इंजिन चालूच होऊ देत नाही.

गाडी लटकवून कोन मोजणं

यावर मी अख्खा दिवस बोलू शकतो, आणि गिऱ्हाईक पळून जाईपर्यंत बोललोही आहे.

गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलच्या हाऊजिंगपर्यंत जाणारा शाफ्ट दोन्ही टोकांना क्रॉसवर, म्हणजे वाकणाऱ्या सांध्यावर फिरतो. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही खोडी मागच्या क्रॉसने तेवढीच उलटी फेडायची असते. त्यासाठी गिअरबॉक्सची शेपटी जितकी खाली झुकलेली, तितकंच हाऊजिंगचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडतो ते टोक, वर हवं. फरक अर्ध्या, फार तर एक अंशाचा. क्रॉसवर पडणारा कोन तीन अंशांच्या आत ठेवायचा, पण अगदी शून्यही नको, कारण मग आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया जागच्या जागी बसून खड्डे पाडतात.

शारजातली माझी तिसरी गाडी. १९७२ ची सी-१०, एलएस३, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रंग असा की बघत राहावं. शंभरच्या वर गेली की सीटखालून गुरगुर सुरू व्हायची, आणि आरसा इतका थरथरायचा की मागची एक गाडी दोन दिसायच्या. मी टायर बॅलन्स केले. शाफ्ट लेथवाल्याकडून दोनदा बॅलन्स करून आणला. क्रॉस बदलले. इंजिनच्या फाउंडेशनची रबरं बदलली. अकरा दिवस गेले, मालक रोज संध्याकाळी येऊन न बोलता उभा राहायचा. कोन मी सुरुवातीलाच मोजले होते, गिअरबॉक्स चार अंश, हाऊजिंग चार अंश. वहीत लिहून खाली रेघही मारली होती, त्यामुळे तिकडे पुन्हा बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

आमचे फोरमन दापोलीकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जेवून आले, दात कोरत माझी वही बघितली.

"हे कुठे मोजलंस?"

"लिफ्टवर, चाचा."

"आणि मागची चाकं?"

"ती… लटकत होती."

"मग हे लटकलेल्या गाडीचे कोन झाले. मालकाला सांग, लटकवूनच चालवा."

गाडी खाली घेतली, चाकांवर उभी केली, पुन्हा मोजलं. गिअरबॉक्स चार अंशच, हाऊजिंग एक. त्या सालातल्या सी-१० मध्ये मागचा अॅक्सल लांब ट्रेलिंग आर्मवर घट्ट आवळलेला असतो आणि वर कॉइल स्प्रिंग. लिफ्टवर अॅक्सल खाली लोंबला की आर्म त्याला फिरवतो आणि हाऊजिंगचं नाक वर होतं. गाडी जमिनीवर आली की नाक खाली. तीन अंशांचा फरक मी माझ्या हाताने वहीत लपवला होता. आर्म आणि अॅक्सलच्या मध्ये तीन अंशांची पाचर घातली, बोल्ट आवळले. दुपारी चार वाजता गाडी एकशे तीसवर गप्प चालली. अकरा दिवसांचं काम दीड तासाचं होतं.

इथे परतल्यावर मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरचं इंजिन बसवताना बघितलं. होडी किनाऱ्यावर असताना मिस्त्री शाफ्ट जुळवतात, पण ती जुळवणी कच्ची धरतात. होडी पाण्यात उतरली की सांगाडा थोडा बदलतो, म्हणून कपलिंगमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पुन्हा पक्की जुळवणी पाण्यावर करतात. मला चाचांची आठवण झाली. त्या मिस्त्रींनी सी-१० कधी बघितलेली नाही, आणि मला शारजात शिकायला अकरा दिवस लागले ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक.

माझी पद्धत अशी: टाकी भरलेली, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी तांदळाच्या दोन गोणी, हौद्यात नेहमी असतो त्याच्या निम्मा भार. गाडी चाकांवर, आणि मी खड्ड्यात. गाडी एकदा पुढेमागे ढकलून स्प्रिंग बसू द्यायच्या, मग मोजायचं. मागे पाटे असतील तर नाक मुद्दाम एक-दोन अंश खालीच ठेवतो, कारण जोर आला की पाटे पिळतात आणि नाक आपणहून वर येतं. गाडीची उंची नंतर कमी करायची असेल तर ती आधी करा, मग मोजा. हे मी दर महिन्याला कुणाला तरी सांगतो, आणि दर महिन्याला कुणीतरी उलट करून येतो.

रंगावर अर्थिंगची पट्टी आवळणं

लांज्याचा एक मुलगा. आजोबांची जुनी महिंद्रा पिकअप, आत एका जर्मन दोनआसनी स्पोर्ट्स कारचं सहा सिलिंडरचं इंजिन. काम मनापासून केलेलं, वेल्डिंग बघून मलाही बरं वाटलं. तक्रार अशी की हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की पॅडल मेल्यासारखा होतो आणि इंजिन आवाजच उचलत नाही. त्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) दोनदा बदलली होती. ईसीयू मुंबईला पाठवून तपासून आणला होता. माझ्याकडे आला तो नवा ईसीयू घ्यावा का विचारायला.

मी मल्टिमीटर काढला. एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि त्याला स्टार्टर मारायला सांगितलं. १.४ व्होल्ट. तिथे ०.२ च्या आसपास दिसायला हवं होतं.

चासीला त्याने झकास काळा पावडर कोट मारला होता, आणि ब्लॉकची अर्थिंगची पट्टी त्या कोटावर आवळली होती. इंजिन रबरी फाउंडेशनवर, केबिन रबरी पॅकिंगवर, खाली चासी रंगाने मढवलेली. करंटला परत जायला वाटच नाही, तो बोल्टच्या आट्यांतून कसाबसा सरपटत होता. जुन्या इंजिनला हे चालायचं, कारण त्याला दिवे आणि कॉइल सोडली तर विजेशी फारसं देणंघेणं नव्हतं. नव्या इंजिनचे सेन्सर पाच व्होल्टवर बोलतात. अर्थिंग अर्धा व्होल्ट हललं की तेवढं खोटं प्रत्येक सेन्सर ईसीयूला सांगतो. केबलने चालणारा क्लच किंवा अॅक्सिलरेटर असेल तर आणखी एक खूण: स्टार्टर मारताना ती केबल गरम लागली तर स्टार्टरचा करंट तिच्यातून परततोय. अशा केबली आतल्या आत भाजून चिकटलेल्या मी पाहिल्यात.

उपाय साडेचारशे रुपयांचा झाला. वेल्डिंगची जाड केबल, तीन तुकडे: ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह, ब्लॉक ते चासी, चासी ते केबिन. रंग खरवडून चकाकतं लोखंड काढायचं, दातेरी वॉशर, कलई केलेले लग, आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा थर. मग सगळे दिवे, पंखा, ब्लोअर चालू ठेवून पुन्हा मोजायचं, ०.१ च्या आत. आपल्या खाऱ्या हवेत हे एकदा करून भागत नाही. मी मृगाआधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदा मीटर लावतो. शारजाच्या धुळीने जे वाकडं होत नाही ते इथला एक पावसाळा करून दाखवतो.

बारीकसारीक, पण रोजचं

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, बाबांच्या जीपसारखा बिडाचा नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

घाटात तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं. हा सल्ला देणारा प्रत्येक गावात एक असतोच. थर्मोस्टॅट नसला की इंजिन धड गरम होत नाही, ईसीयूला वाटतं थंडी आहे आणि तो पेट्रोल ओतत राहतो. तापण्याचं कारण बहुतेक वेळा पंख्याभोवतीचं कव्हर न लावणं हे असतं, नाहीतर एलएसच्या हेडमधून वाफ काढणारी बारीक नळी बूच मारून बंद करणं. ती नळी रेडिएटरच्या वरच्या बाजूला न्यायची. बूच कुणी मारलं विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात.

जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल चार ते सात पीएसआय दाबाने मिळायचं, एलएसला साधारण ५८ लागतं. जुना रबरी पाईप आणि गार्डन क्लॅम्प लावलात तर आग लागण्याची वाट बघायची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, तेही जुनी रबरं खातं. इंजेक्शनचाच पाईप, इंजेक्शनचेच क्लॅम्प. आणि १९७२ पर्यंतच्या सी-१० ची टाकी केबिनमध्ये सीटमागे असते, ती काढून हौद्याखाली न्या. पाठीला टेकून पेट्रोल घेऊन फिरायची हौस मला कधी कळली नाही.

२०१९ पर्यंतच्या कॉर्व्हेटची चाकं पाच बोल्ट, पावणेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. १२० ची चाकं 'बसतात' म्हणणाऱ्यांनी नट पुन्हा कधी सैल होतात ते बघावं.

ऑइल पॅन ट्रकचा ठेवलात तर तो चासीच्या पुढच्या आडव्या दांड्याच्या खाली लोंबेल, आणि आपल्या स्पीडब्रेकरला तेवढं पुरतं.

कागद मागून करू म्हणणं

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडी मूळ नोंदीपेक्षा वेगळी करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर २०२१ च्या नियमांनी मिळणारी व्हिंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच आहे. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललंत की ती वाट बंद. हे मी पहिल्या चहालाच सांगतो. निम्मे तिथेच उठतात.

लांज्याचा मुलगा उठला नाही. "काका, परवानगी मिळेपर्यंत रस्त्यावर आणतच नाही. आमच्या कलमांच्या बागेत चालवेन, आंब्याच्या पेट्या वाहायला."

मग मी त्याचे ब्रेक बघितले. चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एका खणाचा. एक पाईप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. शेव्हरोलेने १९६७ लाच पिकअपला दोन खणांचा दिला आणि १९७१ पासून पुढे डिस्क, आणि आपण अजून आजोबांच्या ब्रेकवर जर्मन इंजिन थांबवणार. स्पोर्ट्स कारचे ब्रेक उचलून लावले तरी पुरत नाही. तिचं वजन पुढेमागे जवळपास सारखं, आणि रिकाम्या हौद्याची पिकअप पुढेच जड. मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते, ओल्या जांभ्यावर तर फारच सुंदर. म्हणून मागच्या लाईनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व लागतो, आणि तो रिकामा हौदा आणि ओला रस्ता धरून जुळवायचा.

"पण बागेतल्या बागेत तर चालवतोय, काका."

"बागेला उतार आहे?"

"आहे. खाली व्हाळापर्यंत."

त्याची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मास्टर सिलिंडर सोमवारी येतोय.