व्हिनेग्रेट घरी कसं करायचं आणि कशाकशावर घालायचं

मेन्यूत किंवा रेसिपीत व्हिनेग्रेट दिसलं की समजायचं, हे फ्रेंच पद्धतीचं सॅलड ड्रेसिंग, व्हिनेगर आणि तेल घुसळून केलेलं, बाकी सगळी वरची भर. (रशियात मात्र विनेग्रेट मागवलंत तर बीट, बटाटा, गाजराचं अख्खं सॅलडच समोर येईल.)

प्रमाण सोपं आहे, 1 भाग आंबट आणि 3 भाग तेल. दोघांपुरतं करायचं तर 1 टेबलस्पून व्हिनेगर, 3 टेबलस्पून ऑलिव्ह ऑइल, अर्धा टीस्पून दिजाँ मस्टर्ड (मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट), मीठ, मिरपूड. फ्रान्समध्ये वाइनचं व्हिनेगर घेतात. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मात्र इथे अजिबात नको, नुसता झणका लागतो, त्यापेक्षा ॲपल सायडर व्हिनेगर घ्या नाहीतर सरळ लिंबू पिळा.

आता क्रम, आणि खरी मेख यातच आहे. वाटीत आधी व्हिनेगर, त्यात मीठ, आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, कारण मीठ तेलात विरघळत नाही, नंतर घातलं तर कण दाताखाली येतात. मग मस्टर्ड आणि मिरपूड. मस्टर्ड फक्त चवीसाठी नसतं बरं का, त्याच्यामुळेच तेलाचे बारीक थेंब व्हिनेगरमध्ये धरून राहतात. शेवटी तेल, बारीक धारेने, आणि दुसऱ्या हाताने फेटत राहायचं. आधी पिवळट पाणी आणि वर तरंगणारं तेल दिसतं, मग हळूहळू ते दाटसर, धुरकट होऊन चमच्याच्या पाठीला चिकटायला लागतं, की झालं. फेटायचा कंटाळा असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवा. थोड्या वेळाने थर सुटले तर बिघडलं असं समजू नका, परत हलवायचं. चव बघताना लेट्यूसचं एक पान बुडवून खा, नुसतं चाटलं तर आंबटच लागणार.

पानं धुतल्यावर अगदी कोरडी करा, ओल्या पानाला ड्रेसिंग धरत नाही. आणि घालायचं वाढताना, कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतो ना तसंच, नाहीतर पानं मरगळतात.

पण फक्त पानांवरच थांबू नका. फ्रान्समध्ये उकडलेल्या लीकवर (कांद्याच्या पातीसारखी, पण जाड भाजी) हे ओततात, आर्टिचोकच्या (मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी) पाकळ्या यात बुडवून खातात, मसुराच्या सॅलडलाही हेच. मला विचाराल तर सगळ्यात भारी बटाट्यावर लागतं. उकडून सोलून गरम असतानाच काप करा आणि लगेच ओता, गार झालेला बटाटा एवढं शोषून घेत नाही. सोबत कांदा हवा असेल तर अगदी बारीक चिरून आधी 10 मिनिटं व्हिनेगरमध्येच ठेवा, उग्रपणा जातो.