गप्पीची पिल्लं आवरत नसतील तर हे करा
गप्पी किंवा मोली हे छोटे मासे पाळताय आणि टाकीत नुसती गर्दी झालीय, तर आधी नर-माद्या वेगळ्या करा. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा, गप्पीच्या ३-४ आठवड्यांच्या पिल्लांमध्येपण नीट बघितलं की कळतं. पण वेगळं केलं म्हणजे लगेच सुटलो असं नाही हं, एकदा नराशी संबंध आला की मादी पुढे काही महिने नराशिवायपण साधारण दर महिन्याला पिल्लं देत राहते, माझ्याकडे नुसत्या माद्यांच्या टाकीत सकाळी पाहतो तर हायड्रिलात (टाकीतल्या पाणवनस्पतीत) पिल्लांचे डोळेच डोळे!

गर्दी आहे तोवर खाणं निम्म्यावर आणा, २ मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकूनच. पूर्ण पाणी काढून टाकी घासायची आपली सवय असते ना, तीच मासे मारते. फिल्टरचा स्पंज नळाखाली नको, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्या स्पंजमध्ये असतात, नळाच्या क्लोरीनने ते मरतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर थांबू नका, लगेच पाणी बदला आणि एअर पंप चालू करा.

जास्तीचे मासे दुकानात किंवा ओळखीत देऊन टाका, नदी-तळ्यात मात्र अजिबात सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतात.