पेशंटच्या देखभालीचं काम सुरू करताना: आधी पलंगावरून खुर्चीत बसवायला शिका

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून लकव्याचा किंवा खुब्याच्या ऑपरेशनचा पेशंट सुटी होऊन घरी आला की घरचे अटेंडंट शोधायला लागतात. त्यामुळे नागपुरात हे काम मिळायला फार वेळ लागत नाही, टिकणं मात्र अवघड जातं. ‘मनात सेवाभाव असला की पुरे’ आणि ‘अंगात ताकद पाहिजे’ हे दोन सल्ले सगळीकडे मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत. आधी लागते ती रीत.

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र तयार ठेवा. हेपॅटायटिस बी ची लस आजच सुरू करा. तिचे तीन डोस असतात: पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी.

कोर्स जनरल ड्युटी असिस्टंटचा (दवाखान्यातला मदतनीस) करा किंवा होम हेल्थ एडचा (घरी जाऊन देखभाल करणारा). फी भरण्याआधी एकच विचारा: वॉर्डात खऱ्या पेशंटजवळ किती दिवस काम करायला मिळेल? उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे जा.

आता मुख्य काम. पलंगावरून व्हीलचेअरवर नेताना नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त चुका होतात. बगलेत हात घालून वर ओढणं ही त्यातली सगळ्यात वाईट. लकवा मारलेल्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढलं की सांधा जागचा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. त्या हाताला धरून कधीही ओढू नका, घरचे म्हणाले तरी नाही.

खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरपी लावा. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून खात्री करा. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, पाय त्यातच अडकतो. मग पेशंटला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं वाचवायला जाल तर चक्कर येऊन माणूस अंगावर कोसळेल, कारण बराच वेळ झोपून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो. पायात घसरणारे मोजे नकोत. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघ्यांच्या किंचित मागे हवेत.

कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तोच धरा. तुमचा गुडघा त्यांच्या अधू गुडघ्याला समोरून टेकवा, म्हणजे तो दुमडणार नाही. “आजोबा, पुढे वाका, तीन म्हटलं की उठू” असं आधी सांगा. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की बूड आपोआप हलकं होतं. म्हणूनच हे उचलणं नसून वळवणं आहे. कंबर न वाकवता गुडघ्यांत वाका, पाय छोट्या पावलांनी फिरवा आणि खुर्चीची कड त्यांच्या पोटऱ्यांना लागली की हळू खाली बसवा. त्यांनी तुमच्या मानेला मिठी मारू नये, मानेची शीर धरली की तुमचंच काम बंद पडेल.

तोल गेलाच तर धरून ठेवायचा हट्ट करू नका. पट्टा न सोडता, आपल्या मांडीचा आधार देत त्यांना जमिनीवर अलगद उतरवा, डोकं सांभाळा आणि मदतीला हाक मारा. पायांवर अजिबात वजन घेता येत नसेल तर एकट्याने करूच नका. दुसरा माणूस मागा, न मिळाल्यास नकार द्या.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कूलरचं पाणी टाइल्सवर पसरतं. उठवण्याआधी फरशी पुसा.

वर्षानुवर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्या दिव्यांग माणसाला मात्र शिकवायला जाऊ नका. त्याला आपलं शरीर तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. “दादा, तुम्ही कसं करता?” असं विचारा आणि तेवढंच करा. बोलायचं त्याच्याशी, त्याच्या डोक्यावरून बायकोशी किंवा आईशी नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. टाचा आणि माकडहाडाजवळची जागा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. त्यावर मालिश करायला सांगणारे पुष्कळ भेटतील, करू नका. आतली कातडी आणखी फाटते. भरवताना सरळ बसवा, जेवणानंतरही अर्धा तास आडवं करू नका. लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या पातळीखाली राहू द्या.

अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत लागलात तर ड्युटी बारा तासांची की चोवीस, जेवण कोणाचं, सुट्टी कधी आणि कमिशन किती कापणार, हे कागदावर घ्या. इंजेक्शन देणं, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं ही नर्सची कामं आहेत. शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून हात लावू नका. एटीएम कार्ड आणि कपाटाची किल्ली कोणी विश्वासाने दिली तरी घेऊ नका.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: औषध किती वाजता दिलं, पाणी किती प्यायले, लघवी, संडास, कूस कधी बदलली. ड्युटी बदलताना ती पुढच्या ताईसमोर वाचून दाखवा.