जुनी हेराल्ड कार घेतलीत? आधी ट्रनियन बघा

इंजिनचं नंतर. पुढची चाकं जॅकवर उचला आणि खालचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आटेदार सांधे, तपासा. त्यात ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. माझ्या गाडीत वर्षानुवर्षं ग्रीसच मारलं गेलं. आतले आटे कोरडे पडून गंजले आणि वर्धा रोडवर वळताना पुढचं चाक आत मुडपलं. शेजारी आई बसली होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तेल मी स्वतः भरतो. अख्खं बॉनेट पुढे कलतं, त्यामुळे टायरवर बसून काम करता येतं. हे सुख दुसऱ्या गाडीत नाही!

मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा ४५ गाठतो, म्हणून रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा हवाच. पण बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोला तो भार झेपत नाही. आधी त्याच्या जागी जास्त वीज देणारा ऑल्टरनेटर बसवा. मी मारुती ८०० चा लावला, ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलं. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) असेल तर आधी बॅटरीच्या आणि कॉइलच्या वायरी उलटवा, नाहीतर ऑल्टरनेटरमधले डायोड तत्क्षणी जळतात.

आणि सेमिनरी हिल्सच्या उतारावर, भर वळणात, ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. मागची चाकं पोटाखाली दुमडतात.